तळाची मासळी

काय सांगू तुम्हाला, आमी सीनाकाठचे भोई, म्या चालाय लागले तवापासनं पाण्यात. बाप सांगायचा, बारकी मासळी वर खेळती, मरळ कडंच्या गवतात दबा धरती, वांब तळाच्या चिखलात घुसती, ज्याचं घर जिथं, त्यो तिथंच घावायचा. लगीन होऊन परंड्याकडं आले, तर तिथं तळ्यावर मासळी धरणाऱ्या गड्यांची सोसायटी, तळ्यात माशांचं सरकारी बीज सोडलेलं, कटला, रोहू, मिरगल. बाईनं जाळं विणायचं, फाटलं तर शिवायचं, बाजारात पाटी घेऊन बसायचं, पर पाण्यात उतरायचं न्हाय, आन सभासद तर व्हायचंच न्हाय.

मग त्यो मोठा दुष्काळ आला. तळं आटून मधी कंबरभर गढूळ पाणी ऱ्हायलं, जाळी रिकामी यायला लागली. आमचे मालक सडकंच्या कामावर खडी फोडाय गेले. तळ्याकाठी बैठक बसली, सोसायटीचे चेरमन म्हणले, मासळी मेली, तळं भायेरच्या ठेकेदाराला देऊन टाकू, सह्या करा. म्या तिथंच जाळं शिवत बसले व्हते, मधीच बोलले, मेली असती तर फुगून वर आली असती, कुठं दिसती का? कटला वरचा, रोहू मधला, ते तुमी धरून संपवले. मिरगल तळाला खातो, त्यो हाय अजून, तुमचं जाळं त्याच्या डोक्यावरनं जातंय. समदे हसले. सासऱ्यांनी डोळे वटारले, घरी चल म्हणले.

न्हाय गेले. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिसं कमी व्हतं, म्या तिथं दगड बांधले, कासोटा मारला आन उतरले. दुसरं टोक धराय कुणी येईना. तवा माझी थोरली जाऊ उतरली, जी जलमात सासऱ्यांपुढं बोलली नव्हती, ती. पाय मांडीपतुर रुतत व्हते, पर जाळं चिखलाला घासत वढलं, कडंला आणलं तर लई जड. मिरगलच मिरगल, आन दोन वांबी सापावानी वळवळत.

चेरमन म्हणले, बाई, तुझा वाटा घे. म्या म्हणले, वाटा नगं, सभासदांच्या वहीत नाव लिव्हा, माझं आन जावंचं, नवऱ्यांचं न्हाय. ते म्हणले, कायद्यात बसत न्हाय. म्या म्हणले, त्यो कायदा दाखवा. कुठनं दाखवत्याल, नव्हताच. तरी तीन बैठका दोघी सोसायटीच्या दारात बसून ऱ्हायलो, चौथीला नावं लिव्हली. ठेकेदार आलाच न्हाय.

आता गुडघे गेले, पाण्यात उतरवत न्हाय. काठावर बसून बोलते, लोकं म्हणत्यात म्हातारी लई बोलती. बोलणारच. तुमी हे लिव्हून घेताय, देव तुमचं बरं करो बाबा, पर लिव्हताना माझं बोलणं मवाळ करू नगा.