अंगातला शर्ट

...नाही, पण मला सांगा, माणसाच्या अंगातला शर्ट मागायचा कसा? ‘तोंडानं मागायचा,’ म्हणते माझी लेक. तिला काय जातंय म्हणायला! तिच्यामुळेच तर हे सगळं झालं. म्हणजे तिचंही चुकलं नाही म्हणा... हे जाऊन वर्ष झालं तरी कपाट उघडलं की मी तिथंच उभी, इकडे भाजी करपतेय, तिकडे दूध उतू जातंय, तेव्हा लेक म्हणाली, ‘आई, पुरे आता,’ आणि मी दवाखान्यात गेले तेवढ्यात ह्यांचे सगळे कपडे पिशव्यांत भरून कोपऱ्यावरच्या, गरजूंसाठी ठेवलेल्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आली. सगळे! अगं, निदान तो घरात घालायचा निळ्या चौकड्यांचा तरी ठेवायचास! तर म्हणते, ‘तो? त्याची तर कॉलर विरली होती!’ अहो, विरली होती म्हणूनच मी ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती ना! बरं, जाऊ दे.

जाऊ दे म्हटलं, पण जातंय कुठे? तुम्हाला सांगते, आठवडाभरात आमचं कपाट गल्लीत फिरायला लागलं! ह्यांचा तपकिरी स्वेटर लॉन्ड्रीवाल्याच्या कुत्र्याच्या अंगात, बाह्या दुमडून, अगदी व्यवस्थित! ह्यांना तो जरा घट्टच व्हायचा, कुत्र्याला मात्र मापानं विणल्यासारखा बसलाय. ह्यांची पँट घालून एक रंगारी शिडीवर. खालून मला नुसते पाय दिसले, मी आपली वर बघत उभी... आणि वरून हा म्हणतो, ‘बाजूला व्हा काकू, रंग उडेल!’

हे सगळं मी सोसलं. पण गेल्या आठवड्यात एकदा सकाळी पावाच्या दुकानासमोर तो निळा शर्ट पाठमोरा उभा. तीच पाठ, म्हणजे पाठ दुसऱ्याची, पण शर्ट तोच, आणि माझं डोकं कुठे होतं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, ‘अहो, चहा झालाय!’ भर रस्त्यात! तिघे वळले. त्यातला एक म्हणाला, ‘कुठे?’

शर्टात निघाला कोण, तर कोपऱ्यावर नवीन आलेला सायकल दुरुस्तीवाला. साधा माणूस. दुनळी बंदुकीसारखा आवाज, पण बोलणं मऊ. आता ह्याला काय सांगू? ‘बाबा रे, हा माझ्या गेलेल्या माणसाचा’ म्हणावं, तर तो तिथल्या तिथे काढून देईल आणि भर चौकात उघडा पडेल. न सांगता मागावा, तर म्हणेल, ‘काकू, बऱ्या आहात ना?’ तुम्हीच सांगा, अंगातला शर्ट मागायचा कसा?

समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘नवा देऊन टाका, जुना आपोआप सुटेल.’ पटलं मला. नवाकोरा शर्ट घेतला, त्याला म्हटलं, ‘घरात पडून होता, घाल.’ काय आनंद झाला त्याला! दुसऱ्या दिवशी बघते तर अंगात तोच निळा! म्हटलं, ‘अरे, नवा कुठंय?’ तर म्हणतो, ‘काकू, एवढा चांगला शर्ट कामाला वापरू? जपून ठेवलाय. कामाला हाच बरा, मऊ आहे.’

मऊ आहे! मला माहीत नाही मऊ आहे ते? इतकी वर्षं कुणी धुतला?

आणि काल बेल वाजली. दारात हाच, बाही चाकात अडकून खांद्यापासून फाटलेली. ‘वहिनी म्हणाल्या, तुम्ही शिवता.’ आणि मी काही बोलायच्या आत शर्ट काढून माझ्या हातात! आता बघा, न मागता मिळाला की नाही? मी आत आले, दार लोटलं, खुर्चीवर बसले, शर्ट मांडीवर घेतला, नाकाशी नेला... तर नुसता ग्रीसचा वास. ह्यांचा कुठेच नाही. कॉलर हुंगली, खिसा हुंगला. ग्रीस! मला कळेना, आता हा ठेवून घेतला तर मी नक्की कुणाचा शर्ट ठेवून घेतला? बाहेरून आवाज, ‘काकू, झालं का? बनियनवर उभा आहे, लोक बघतायत.’

शिवला. दुहेरी टाका घालून शिवला. त्यानं घातला, हात वर-खाली करून बघितला, खूश झाला. मी दार लावणार, तर पायरीवरून परत आला.

‘काकू, तुम्ही इथल्या जुन्या. हा कुणाचा असेल हो? माप अगदी माझंच आहे. भेटले कधी, तर विचारा ना, अजून काही त्या पेटीत टाकायचे आहेत का...’

म्हटलं, ‘भेटले की विचारते हं.’