पिकअपमधून चांदोली

आता हसताय तुमी, पण त्या दिवशी जीव नुसता मेटाकुटीला आला व्हता. आमच्या तात्यांना, म्हंजे वडलांना, एकदा तरी जंगलात गवा बघायचा व्हता. चांदोलीला जायचं ठरलं. एसटीनं एका दिवसात जाऊन येणं जमंना, भाड्याची जीप परवडंना. मग निरवांगीच्या मेव्हण्याचा भाजीचा पिकअप काढला. बायकोला गाडी लागती म्हणून ती पुढं मेव्हण्याशेजारी बसली, मी आन् तात्या मागं हौद्यात गोणपाटावर. खड्डा आला की तात्या कण्हायचं, मी सॉरी म्हणायचो.

दुपारी गेटवर पोचलो, तर रखवालदार म्हणाला, "मालाची गाडी आत सोडता येत न्हाय."

जंगल बघाय आलेल्या पाहुण्यांच्या एका जीपमधी एक जागा रिकामी दिसली. त्यांना हात जोडून तात्यांना बसवलं आन् आमी झाडाखाली आडवं झालो.

दोन तासांनी जीप आली. त्यातली बाई उतरतानाच म्हणाली, "केवढा मोठा कळप आडवा आला!"

मी पळत गेलो. "तात्या, गवा बघितला?"

तात्या डोळं चोळत म्हणालं, "गादी लई मऊ व्हती रं. बसल्या बसल्या डोळा लागला."