प्रोटियाला दोन घास

रोपवाटिकेच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. दोघांनी मिळून एकच कुंडी धरली होती. तिच्यातल्या प्रोटिया या परदेशी फुलझाडाची पानं कडेनं करपली होती.

"लेकीनं परदेशी जाताना दिलंय हो. पुढच्या महिन्यात येतेय ती. वाचेल ना?" आजींनी माळ्याला विचारलं.

"खत काय घातलंत?"

"काहीच नाही!" दोघं एकदमच म्हणाली.

"आजी, हे निकस, खडकाळ मातीतलं झाड. खतानंच असं करपतं."

"अहो, तुम्ही काही घातलंत?" आजी आजोबांकडे वळल्या.

"चिमूटभर. गुलाबाचं. तू आंघोळीला गेलीस की."

"रोज?"

"रोज कुठलं? एक दिवसाआड. म्हटलं, फूल बघून पोरगी खूश होईल."

"तरीच! मी हाडांचा चुरा घालत होते. तुम्ही फिरायला गेलात की."

"म्हणजे बिचाऱ्याला दोन्हीकडून घास!"

"लेकीलाही आपण असंच भरवायचो."

"ती उठून पळायची तरी. हे कुठं पळणार?"

"आजोबा, मुळांत जीव आहे अजून. भरपूर साध्या पाण्यानं माती धुऊन काढा, उन्हात ठेवा. मग काही करू नका."

"काहीच न करणं आम्हाला कसं जमायचं?"

"जमवू गं. तुझा चुऱ्याचा डबा माझ्याकडे दे, माझा खताचा तू ठेव. मी तुझ्यावर लक्ष ठेवतो, तू माझ्यावर."

"आणि झाडाकडे कोण बघणार?"

"त्याचं ते बघेल. लेक नाही का बघत तिचं तिचं?"

"...कुंडी नीट धरा. तुमच्या बाजूला कलतेय."