मंडळाच्या बोर्डाचा पासवर्ड

सायबर सिक्युरिटीत मला कुणी हरवलं असेल, तर अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळानं, यार! हॉलबाहेरचा जुना एलईडी बोर्ड नेटवर्कला जोडणारी एक डबी आहे. तिला पासवर्डच नव्हता. ऐन गणपतीत कुणीतरी बोर्डावर ‘आत फ्री पिझ्झा’ झळकवलं. आरतीला ही गर्दी!

मी लगेच डबीच्या सेटिंग्जमध्ये शिरलो, नको ते पोर्ट बंद केले, एनक्रिप्शन लावलं, लांबलचक पासवर्ड ठेवला. सेक्रेटरी देशपांडेकाकांना म्हटलं, “आता मुंगीसुद्धा आत शिरणार नाही. पासवर्ड फक्त कमिटीला द्या.”

संध्याकाळी विचारलं, “काका, दिलात?”

“सगळ्यांना एकदम! बाहेर बघ.”

बोर्डावर लाल अक्षरं सरकत होती: ‘फक्त कमिटी मेंबरांसाठी. नवा पासवर्ड...’