शेवटच्या रांगेतली आजी

नाही, तुम्हीच सांगा, देवाने माणसाला घसा एकच दिलाय ना? मग माझ्या एका घशाला दोन मालक कशाला? दिवसा डॉक्टर, संध्याकाळी दिग्दर्शक! डॉक्टर मूळव्याधीचे, मी त्यांची रिसेप्शनिस्ट, आयुष्यातली पहिलीवहिली नोकरी. पेशंट आला की कानाशी जाऊन विचारायचं, "कुठे दुखतंय?"... आता मूळव्याधीवाल्याला कुठे दुखणार हो? पण विचारायचं, तेही कुजबुजत! जरा सूर चढला की डॉक्टर आतून फिसकारलेच, "हळू! लोक इथे अब्रू मुठीत धरून येतात!"

आणि तालमीला गेलं की तो दाढीवाला दिग्दर्शक खुर्चीवर चढून किंचाळणार, "काय पुटपुटतेस? शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे!" अहो, अख्ख्या नाटकात माझं वाक्य एक. "थांबा, ते औषध पिऊ नका!" बस्स. त्या एका वाक्यासाठी वर्षभर मी त्या मेल्याला चहा आणून दिला, पडदे शिवले, घरी बाबांची बोलणी खाल्ली, "नाटकाने पोट भरतं का?"... नाही भरत! पण तुम्हाला सांगते, स्टेजवरचा तो दिवा अंगावर आला ना, की मला भूकच लागत नाही.

आणि प्रयोग तोंडावर आल्यावर हा म्हणतो काय, "तुझं वाक्य माझी मेहुणी म्हणेल. तुझा आवाज शेवटच्या रांगेतल्या आजीला पोचत नाही." मेहुणी! तिने पहिल्याच तालमीत नायकाला "प्या" म्हणून सांगितलं! मेला असता ना तो पहिल्या अंकात!

खूप रडले. दुसऱ्या दिवशी नाक पुसत कामावर बसले, तर दारातून मफलरमध्ये दाढी कोंबून कोण आत येतंय? दिग्दर्शक! मला बघून पांढराफटक. काउंटरवर वाकून म्हणतो, "हळू बोल हं... मला जरा... तोच त्रास."

हळू? मी? पोटातून श्वास घेतला, त्यानेच शिकवलेला, आणि म्हटलं, "मूळव्याध का, सर? बसताच येत नाही का अजिबात?" मुद्दाम म्हटलं! खिडक्या थरथरल्या! मागच्या बाकावर एक आजी होती, खरीखुरी, कानात मशीनवाली, ती कळवळली, "अरेरे, एवढ्या तरुणपणी!"

तो पळाला. म्हणजे, जमेल तसा पळाला. मग डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या कानाशी येऊन काहीतरी कुजबुजले. मी म्हटलं, "काय? ऐकू नाही आलं."

तर मागून आजीच ओरडली, "अगं, उद्यापासून येऊ नकोस म्हणतायत!"

जाऊ दे... शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं ना, झालं तर मग!