मुठीतला सेन्सर

ताई : अरे, ऐकू येतंय का? फोन खिशात नको ठेवूस, कानाशी धर. एसीच्या या डक्टमध्ये आवाज नुसता घुमतो.

धाकटा : येतंय ताई, स्पीकरवर आहेस. बोल.

ताई : तीन झाले. आता चौथा, परतीच्या हवेचा. मजल्यावरून फिरून मशीनकडे परत येते ना, तिचा. परतीचा. म्हणून दाखव.

धाकटा : परतीचा. अगं, किती वेळा म्हणायचं?

ताई : मी म्हणेन तितक्या वेळा. मागे एकदाच जीभ घसरली माझी, जाणाऱ्या हवेच्या सेन्सरला परतीचा म्हणाले, तर वर्षभर भोगतेय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

धाकटा : सोड ना आता ते जुनं.

ताई : तुझं काय जातंय सोड म्हणायला? अकरा दिवस त्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची माणसं गारठ्यात शाली पांघरून काम करत होती, माझ्यामुळे. पंधरा वर्षं सेन्सर बसवतेय मी, तुला पाना धरायला मी शिकवलं, आणि आज तपासणीच्या फॉर्मवर सही तुझी. असो. मुठीत धरते आता, ऊब लागू दे त्याला. तू पडद्यावर बघ, कुठला आकडा चढतोय ते.

धाकटा : हं, धर.

ताई : थांब हं जरा, हा मेला...

धाकटा : चढतंय ताई. पंचवीस होतं, सव्वीस... सत्तावीस झालं. परतीचाच आहे. पुढचा घे.

ताई : काय म्हणालास?

धाकटा : चढतंय म्हटलं. सत्तावीस. झकास आहे, चल पुढे.

ताई : अरे, माझा हातमोजा अडकलाय. तो काढत बसलेय मी. सेन्सरला अजून हात लावला नाही.

धाकटा : मग... हवा लागली असेल त्याला.

ताई : पंखा बंद आहे. मशीन बंद आहे. कुठली हवा?

धाकटा : अगं, म्हणजे...

ताई : तिथंच थांब. खाली येते मी.

(ताई शिडी उतरून पॅनेलच्या खोलीत येते.)

ताई : सरक. पडदा काळा का?

धाकटा : आत्ताच बंद पडला. आपोआप जातो तो पाच मिनिटांनी.

ताई : बटण दाबलं की हे काय लिहून येतंय? वाच. "शेवटचा प्रवेश : काल, चार वाजून दहा मिनिटं." आज सकाळपासून तू हा उघडलेलाच नाहीस. मग ते पहिले तीन कुठं बघितलेस? कपाळावर माझ्या?

धाकटा : ताई, ओरडू नकोस, बाहेर माणसं आहेत.

ताई : आणि हा फॉर्म? चौथ्या सेन्सरवर अडकलोय आपण, नि इथं अठराच्या अठरा ओळी भरलेल्या. "मुठीत धरून तपासले, योग्य." खाली सहीसुद्धा!

धाकटा : सकाळी कॅन्टीनमध्ये वेळ होता, तर भरून टाकला. तुझं काम चोखच असतं ना. डोळे मिटून विश्वास आहे माझा तुझ्यावर.

ताई : डोळे मिटूनच. ते दिसतंय. इकडे बघ. फॉर्मकडे नको, माझ्याकडे. त्या इमारतीत, गेल्या वर्षी, तेव्हाही असंच होतं?

धाकटा : तेव्हाचं कुठं आठवतंय आता?

ताई : मला आठवतंय. मी वर मुठीत धरून उभी होते, खांदा भरून आला होता. तू खालून म्हणालास, चढतंय. पडदा बघून म्हणालास?

धाकटा : फोन आला होता गं. बाहेर गेलो होतो जरा. तू विचारलंस, तर म्हटलं... रोज बरोबरच तर निघतं.

ताई : आणि तारा?

धाकटा : कुठल्या तारा?

ताई : आता वेड पांघरू नकोस. पॅनेलमधल्या तारा तू जोडल्या होत्यास. मी वर नुसत्या नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. उलट कुणी जोडल्या?

धाकटा : ...माझ्याकडून झाल्या. अकराव्या दिवशी पॅनेल उघडलं तेव्हा दिसलं मला. परतीची गरम हवा बघून मशीनला वाटत होतं, आपण गरमच हवा सोडतोय. म्हणून ते गार करतच राहिलं. मी गुपचूप तारा बदलल्या.

ताई : आणि साहेबांना सांगितलंस, की ताईनं वरून नावं उलटी सांगितली होती.

धाकटा : माझं पक्कं व्हायचं होतं गं नोकरीत. त्याच आठवड्यात कागद निघणार होते. तुझं नाव मोठं, तू झेलशील असं वाटलं. मला तर घरीच बसवलं असतं.

ताई : अरे, पण मी तुला विचारलं होतं! स्वयंपाकघरात, आईच्या देखत. म्हटलं, मुठीत धरला होता, तू चढतंय म्हणालास, मग उलटं झालंच कसं? तर तू काय म्हणालास? "ताई, तू तोंडानं परतीचा म्हणालीस, दमली होतीस, होतं असं." माझ्या पाठीवरून हात फिरवलास वर.

धाकटा : हो.

ताई : माफीचं पत्र लिहायला बसलास माझ्या शेजारी. "माझ्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द तुझे. मी नुसतं "चुकून" लिहिलं होतं, तू खोडलंस. त्या मजल्यावरची टेलिफोन घेणारी बाई गारठ्यानं छाती भरून आजारी पडली, तिच्या दारात मी हात जोडून उभी होते नि फळांची पिशवी तुझ्या हातात. तेव्हा तरी जीभ उचलली नाही तुझी?

धाकटा : रोज वाटायचं सांगावं. जितके दिवस गेले तितकं अवघड झालं.

ताई : आई अजून म्हणते, धाकटा होता म्हणून निभावलं. आणि मी मान डोलावते.

धाकटा : चूक झाली ताई. पाया पडतो.

ताई : तारा उलट लागल्या त्याचं काही नाही रे. माझ्याकडूनही लागल्यात. पण माझ्याच तोंडावरचा माझा भरवसा घालवलास तू. गॅस बंद केला का म्हणून तीन-तीनदा उठते मी. नवऱ्याला विचारते, मी आत्ता काय म्हणाले हो? तो हसतो, म्हणतो म्हातारी झालीस. चव्वेचाळीस वय आहे माझं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय घालू?

धाकटा : मी सांगतो साहेबांना. आत्ता येतीलच ते. तुझ्यासमोर सांगतो, पहिल्यापासून सगळं. शप्पथ.

ताई : शपथ नको. सांग, म्हणजे झालं.

धाकटा : आलेच बघ.

साहेब : काय बहीण-भाऊ, उरकलं का? खाली दोघं जण वाट बघताहेत, मशीन कधी सुरू करणार म्हणून.

धाकटा : साहेब, एक...

साहेब : हां, बोल.

धाकटा : एक... म्हणजे झालंय, साहेब. होतच आलंय.

साहेब : फॉर्म बघू. वा! अठराच्या अठरा, अक्षरही कसं मोत्यासारखं. बाई, राग मानू नका, वयानं मोठ्या आहात तुम्ही. पण नेटकेपणा धाकट्याकडून शिका थोडा.

ताई : तू काहीतरी सांगणार होतास ना साहेबांना?

साहेब : काय रे, काय सांगायचंय?

धाकटा : काही नाही, साहेब. घरचंच आहे. उद्या बोलू, ताई.

ताई : साहेब, तो फॉर्म घेऊ नका. त्यातलं काही खरं नाही. एकही सेन्सर तपासून झालेला नाही अजून.

साहेब : म्हणजे? मग हे योग्य, योग्य लिहिलंय ते काय?

ताई : ते ज्याची सही आहे त्याला विचारा. गेल्या वर्षीचंही विचारा, त्या चौथ्या मजल्याचं. मी वर जाते, पहिल्यापासून एकेक धरते. तुम्ही या पडद्यासमोर उभे राहाल का? अर्धा तास लागेल.

साहेब : मी? अहो, तुमचा भाऊ आहे की इथं.

ताई : भाऊ आहे, साहेब. मला बघून सांगणारं माणूस हवंय.