ढाण्याचे चार थेंब

(सन १९५८. भाजे गावाच्या वर, लोहगडाच्या अंगाला एक वाडी आणि वाडीतलं सगळ्यात वरचं घर. दारूबंदीचा अंमल कडक. घरात तिघं : पोलीस पाटील हौशीराम, घरधनीण बायडाबाई आणि तिचा थोरला दीर केरबा. कुत्रा ढाण्या कणगीमागे.)

हौशीराम : वास तर येतोय, वयनी. बूच काढल्याबरुबर नाकात शिरला. आता ह्याला मी काय म्हणू?

बायडाबाई : औषध म्हणा.

हौशीराम : औषधाला दारूचा वास?

बायडाबाई : औषधाला कसला बी वास असतोय. तुमच्या आईच्या गुडघ्याला लावायच्या तेलाचा वास खालच्या आळीपातूर जातो. तवा कुणी पंचनामा केलता का?

केरबा : हौशीराम, तिला म्हणावं तोंड सांभाळून बोल. तू सरकारचा माणूस हायेस.

बायडाबाई : त्यांना सांगा पाटील, मी तुमच्याशी बोलतीया. सरकारशी कसं बोलायचं ते सरकार सांगंल मला.

हौशीराम : आरं, काय चाललंय हे? हात लांब केला तर लागंल येवढ्यावर बसलाय दोघं, आन् मधी मी. केरबा, तुझ्या धाकट्या भावाचं, जानूचं लगीन झाल्यापासनं बघतोय, तुमचा एक शबूद एकमेकाकडं सरळ गेला न्हाई. आता जानूबी गेला बिचारा. आज तरी...

केरबा : थोरल्या दिराशी भावजय बोलत न्हाई. रीत हाय ती.

बायडाबाई : रीत मी पाळलीय, कुणी बोट दावावं. त्यांना इचारा, भावजयीच्या दारात पाटील आणून उभा करायचा, ही कंच्या गावची रीत?

केरबा : मी आणला न्हाई, बाटलीनं आणला! दारूबंदी हाय का न्हाई राज्यात? आन् रांडमुंड बाईच्या घरात बाटली! उद्या वाडीचं नाव निघंल समद्या मावळात.

हौशीराम : थांब रं. वयनी, पैल्यापासनं सांगा. बाटलीत हाय काय?

बायडाबाई : फुलं.

हौशीराम : फूल तर एकबी दिसत न्हाई.

बायडाबाई : फुलांचं पाणी. विलायतेत एक पिवळं फूल असतंय, वढ्याकाठचं. काचेच्या वाडग्यात पाणी घ्यायचं, वर ती फुलं सोडायची आन् वाडगं उन्हात ठेवायचं. फुलात जे असंल ते पाण्यात उतरतंय. मग फुलं काढून टाकायची. पाणी नासू नये म्हणून त्यात ब्रँडी घालत्यात. आपुन लोणच्यावर तेल सोडतो न्हवं, तसं.

केरबा : ऐकलंस? ब्रँडी! तिच्या तोंडानं कबूल!

बायडाबाई : कबूल कशापायी? मी सांगतेच हाय की. चोरी असती तर बाटली फडताळात उघड्यावर ठेवली असती व्हय?

हौशीराम : आन् ह्या पाण्यानं व्हतं काय?

बायडाबाई : भीती जाती. हे पिवळं फूल भ्यालेल्यासाठी. दुसरं एका झाडाचं हाय, ते ‘मला जमणारच न्हाई’ म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्यासाठी. दोनी मिसळलीत. पाण्याच्या वाटीत चार थेंब टाकायचं आन् पाजायचं.

हौशीराम : कुणाला?

बायडाबाई : ढाण्याला. घरात दुसरं हाय कोण?

केरबा : घ्या! हौशीराम, आपुन उन्हातान्हात राबून मरतो, आपल्याला घोटभर ताक मिळायची मारामार. आन् कुत्रं विलायती पितंय!

बायडाबाई : तुमीच बोला हौशीभाऊ, चार थेंबांत मुंगी तरी झिंगंल का?

हौशीराम : कायदा थेंब मोजत न्हाई, वयनी. सापडली म्हंजी सापडली. लोणावळ्याच्या ठाण्यावर वर्दी द्यावी लागंल मला. लपवलं तर माझी पाटीलकी जाती. तुमी एक करा, दिली कुणी ते सांगा. दारूचं सरकारी परमिट असलेलं माणूस असंल तर त्याचं ते निस्तरंल. तुमी सुटाल.

बायडाबाई : ते न्हाई सांगायची.

हौशीराम : खंडाळ्याला बंगल्यावर कामाला जाता तुमी. रोज मळवलीला गाडी धरता. त्या बंगल्यावरल्या म्हाताऱ्या पारशीणबाईबिगर दुसरं कोण...

बायडाबाई : ठाऊक हाय तर मला कशाला इचारता? माझ्या तोंडातनं नाव निघायचं न्हाई. त्या माणसानं माझ्यावर उपकार केलाय. मी इतक्या जणांना सांगितलं, माझं कुत्रं भितं. समदी फिदीफिदी हसली. त्या एका माणसानं इचारलं, कशाला भितं? कवापासनं? भ्यालं की थरथरतं का नुसतं गप पडतं? आवो, माझ्या दुखण्यात मला कुणी येवढं इचारलं न्हाई!

हौशीराम : आन् म्हणून तुमी इस्वास ठेवलात?

बायडाबाई : डोळ्यानं बघितलं म्हणून ठेवला. तिथं एक मांजर हाय. घाटात गाडीनं शिट्टी मारली की कपाटावर चढायचं आन् सांजपातूर खाली यायचं न्हाई. आता खिडकीत बसून गाड्या बघतंय.

केरबा : मांजराचं रामायण पुरं झालं. हौशीराम, तिला माझ्या शेळीचं इचार. वाडीचा नेम काय हाय? पैली भुंक वरच्या घराची! वाघरू लोहगडाकडनं उतरतं, त्याला पैलं हेच अंगण लागतं. हितलं कुत्रं भुंकलं की त्याच्या खालचं भुंकतं, मग त्याच्या खालचं. माणसं उठत्यात, ताटं बडवत्यात, वाघरू पळतं. वाडवडलांपासनं असंच चाललंय. आन् हिचं कुत्रं! नाव ढाण्या, आन् बसलं कणगीमागं मुतत. वाघरू हिच्या अंगणातनं निवांत चालत गेलं आन् माझी गाभण शेळी उचलली. कुणाला पत्ता न्हाई.

हौशीराम : शेळीचं लय वाईट झालं, केरबा. समद्यांनाच वाटतंय.

केरबा : वाटून काय उपेग? वाडी बसली, चारचौघांनी ठरिवलं. भुंकत न्हाई ते कुत्रं पोत्यात घालून मालगाडीत टाकायचं. घाटाखाली गेलं की पीडा गेली. वरच्या घराला दुसरं कुत्रं द्यायचं. हिनं काय निरोप धाडला? न्हाई देत!

बायडाबाई : न्हाईच देत. ठरिवताना मला बोलावलं व्हतं का कुणी? कुत्रं माझं, घर माझं, आन् ठरिवणार दुसरीच. त्यांना सांगा पाटील, ढाण्या जन्माचा भित्रा न्हाई. पिल्लू व्हता तवा ह्याच अंगणात वाघरानं त्याच्या आईला उचलली. तिच्या पोटाला लागला व्हता तो. दूध व्हटावर तसंच, आन् आई न्हाई. तवापासनं आवाज गेलाय त्याचा. त्यांची शेळी गेली तर त्यांनी दोन दिस अन्न सोडलं. ह्याची तर आई गेली.

केरबा : कुत्र्याला कसली आई!

बायडाबाई : त्यांना इचारा, मग ते काय झाडाला लागलं व्हतं?

हौशीराम : गुण तरी येतोय का, वयनी?

बायडाबाई : खोटं कशाला बोलू? मला न्हाई कळत. आदी पाण्याला बी भायेर निघत न्हवता. आता उंबऱ्यापातूर येतो. काल चिमणीच्या अंगावर धावला. फुलांनी झालं, का कशानं झालं, देव जाणं. झालं न्हवं? भ्यालेल्याला जरा येळ द्यायचा का न्हाई माणसानं? का भ्यालं की घाल पोत्यात?

हौशीराम : पर तुमाला ठाण्यावर बसवलं तर मागं ह्याचं काय व्हणार, त्याचा इचार केलाय का?

बायडाबाई : केलाय. माझी पाठ वळली की त्याच दिशी पोत्यात जाणार तो. म्हणून तर वाडीनं ठरिवल्यापासनं कामाला बी जात न्हाई, हितनं हलत न्हाई मी.

हौशीराम : हं. बरं, कायद्यानं जाऊ. पंच कोण?

केरबा : मी. मीच तर वर्दी दिली.

हौशीराम : मग पंचानं मुद्देमाल तपासला पायजे. ये फुडं. थेंबभर जिभेवर घे आन् सांग, दारू का औषध.

केरबा : मी? आरं, माळकरी हाय मी! गळ्यात तुळशीची माळ हाय, दिसत न्हाई?

हौशीराम : दिसती की. मग तुझ्या खालच्या घरातनं तुला ब्रँडी कशी वळखू आली?

केरबा : वास आला.

बायडाबाई : माळ घालायच्या आदीची वळख असंल, पाटील. जुनी वळख माणूस इसरत न्हाई.

केरबा : हसतोस काय हौशीराम? दोघं मिळून माझी टर उडवताय व्हय? ऱ्हाऊ दे तुझी बाटली तुझ्यापाशी. कुत्रं मी आत्ताच्या आत्ता नेतो. पोतं संगं आणलंय.

हौशीराम : केरबा, कणगीमागं काठी कशाला घालतोस? तितं जागा न्हाई, लागंल त्याला.

केरबा : लागू दे. ए! निघ भायेर! निघ!

बायडाबाई : पाटील, त्यांना सांगा काठी काढा.

हौशीराम : केरबा, आरं, केकाटतंय ते...

केरबा : केकाटू दे. तेवढं तरी येतंय न्हवं! निघतोस का न्हाई?

बायडाबाई : पाटील, सांगा त्यांना!

केरबा : निघ म्हणतो न्हवं!

बायडाबाई : भावजी! काठी खाली ठेवा!

हौशीराम : आगं आई...

केरबा : ही... ही माझ्याशी बोलली?

बायडाबाई : तुमच्याशीच बोलले. तोंडावर. ठेवा खाली. ह्या घरात भ्यालेल्या जिवाला काठी लावायची न्हाई. मी नवी नवरी हितं आले, तवा ह्याच कणगीमागं बसून असायची, ठाऊक हाय का? तुमच्या खाकरण्याला भिऊन! तुमचे भाऊ भाकरी घिऊन तितं येऊन बसायचे. पोत्यात न्हाई घातलं त्यांनी मला. ऱ्हा उभे तितंच, फुडं पाऊल टाकू नका. आदी मला पोत्यात घालावं लागंल.

हौशीराम : केरबा, काठी ठेव. ...केरबा? आरं, असा काय बघतोस?

केरबा : ह्यो आवाज... हौशीराम, ह्यो आवाज मी ऐकलाय.

हौशीराम : कुटं?

केरबा : गेल्या बाजाराच्या आदल्या राती वाघरू पुन्यांदा उतरलं व्हतं. वरनं कुणीतरी जीव खाऊन वरडलं, आलं, आलं! ताट बडवलं. मी उठून पळालो तर गोठ्याच्या कुडापासनं वाघरू मागं फिरलेलं. राहिलेली शेरडं वाचली. मला वाटलं, आपला गुराखी सीताराम वर गुरं घिऊन निजला असंल.

बायडाबाई : सीताराम न्हवता. मी व्हते.

केरबा : तू?

बायडाबाई : पैली भुंक वरच्या घराची, असं तुमीच म्हणता न्हवं? मग ढाण्या भुंकंस्तवर मी भुंकीन. अंगणात बाज टाकलीय, उशाला ताट ठेवलंय.

केरबा : आन् मला आवाज वळखू आला न्हाई. ...कसा वळखणार? कवा ऐकलाच न्हवता.

हौशीराम : वयनी, एक इचारू? खरं सांगा. ते थेंब तुमीबी घेता का?

बायडाबाई : मला काय धाड भरलीय? कुत्र्याचं औषध हाय ते. माझ्यातलं माझं हाय.

हौशीराम : बोल मग केरबा. वर्दी तुझी. ठाण्यावर काय सांगू?

बायडाबाई : खरं असंल ते सांगा. बोलावलं तर मी सोता येते, एका हातात बाटली आन् काखेत ढाण्या. फौजदारासमोर बी हेच बोलीन. नाव सांगणार न्हाई आन् कुत्रं देणार न्हाई.

केरबा : ...हौशीराम.

हौशीराम : बोल.

केरबा : माझं नाक चोंदलंय दोन दिस. सर्दी हाय. वासाचं मला काय कळलं न्हाई, असं म्हण.

हौशीराम : बरं झालं येळेवर ध्यानात आलं तुझ्या. चल, ऊन उतरलं. ते पोतं घे.

केरबा : थांब जरा. तिला इचार... ती माझी ल्हान शेळी हाय न्हवं, कानाला पांढरी. आईबरुबर व्हती गोठ्यात, वाघरू आलं तवा. तवापासनं दावं सोडलं तरी भायेर पडत न्हाई. पाला दावला तर थरथर कापती. तिला इचार, ते फूल शेळीला चालतं का.

हौशीराम : मी न्हाई इचारत. माझं काम बाटलीपुरतं. समोर उभी हाय ती.

केरबा : ...बायडा, शेळीला चालंल का?

बायडाबाई : चालंल. सांजच्याला वाटी घिऊन या. आन् तुमीच या, भावजी. पाटलाला धाडू नका.